दुसरे पाणी

‘घरासाठी कॉफीचे चांगले यंत्र कोणते घ्यावे?’ हा प्रश्न अलीकडे आमच्या बालाघाटात दिवाळीच्या तोंडावर हमखास ऐकू येतो. विचारणारे बहुधा आईवडील असतात. मुलगा पुण्याला, सून हैदराबादची, लेक बंगळुरूला. ही मंडळी चार दिवसांसाठी घरी येतात, सकाळी उठून चहाच्या पातेल्याकडे पाहतात आणि काही बोलत नाहीत. त्या न बोलण्याचा अर्थ आईला बरोबर कळतो. मग चौकशी सुरू होते. विजेवरचे घ्यावे की स्टीलचे मद्रासी फिल्टर? कागद लावायचे की जाळीचे? भांडे काचेचे बरे की थर्मासचे? दहा कपांचे म्हणजे आपले किती कप?

प्रश्न बाजारातला आहे, त्याचे उत्तर दुकानदाराने द्यावे, त्यासाठी दिवाळी अंकाची पाने कशाला खर्ची घालायची, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. त्या प्रश्नात ‘चांगले’ हा शब्द आहे, आणि हा शब्द ज्या प्रश्नात येतो तो प्रश्न सबंधच्या सबंध बाजाराचा कधीच नसतो.

आपण दुभाषी मुलखातली माणसे. घरात मराठी, शेजारी पोवारी, दुकानात हिंदी. या तीन उंबरठ्यांवरून जा-ये करताना शब्दांकडे जरा निरखून पाहण्याची सवय लागते. दुकानदार यंत्र काऊंटरवर ठेवून म्हणतो, ‘ये आपके लिए ठीक रहेगा.’ घरी येऊन आपण तेच मराठीत सांगतो, ‘हे आपल्याला बरं पडेल.’ गंमत अशी, की या दोन्ही वाक्यांत वस्तूची स्तुती नाही. वस्तू आणि घर यांचे जमेल की नाही एवढेच त्यांत सांगितले आहे. चांगले असणे हा वस्तूच्या अंगचा गुण; बरे पडणे हा तिच्या-आपल्या संसाराचा. ॲरिस्टॉटलने सांगितलेली कसोटी पहिल्या प्रकारची. प्रत्येक वस्तूला नेमून दिलेले एक काम असते आणि ते काम जी चोख करते ती वस्तू चांगली. चांगली सुरी म्हणजे चांगली कापणारी सुरी. सुरीपुरते हे ठीक आहे. पण सुरी कोणाच्या हाती दिली आहे, रोज कोण कापते आहे आणि कापलेले कोणाच्या ताटात पडते आहे, हे सुरीकडे पाहून समजत नाही.

तरीही सुरुवात सुरीपासूनच केली पाहिजे. जे यंत्र आपले कामच नीट करीत नाही त्याच्याविषयी नीतीच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही.

हे यंत्र आतून अगदी साधे असते. टाकीतले थंड पाणी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेतून खाली एका नळीत उतरते. नळीला विजेची कॉइल चिकटलेली असते. पाणी उकळू लागले की वाफेचे बुडबुडे ते वर ढकलतात, झडपेमुळे त्याला मागे जाता येत नाही, आणि ते वरच्या चाळणीतून कॉफीच्या भुकटीवर ठिबकू लागते. आत पंपबिंप काही नसतो. चुलीवरचे भाताचे पातेले ज्या जोरावर उतू जाते तोच जोर इथे कामाला लावलेला आहे. आमच्या धानाच्या जिल्ह्यात याहून अधिक समजावण्याची गरज नाही. भुकटीतून झिरपलेले पाणी कागदातून गाळून खालच्या भांड्यात पडते. पाण्याचे तापमान साधारण ९० ते ९६ अंश असावे, एक लिटर पाण्याला ५५ ग्रॅमच्या आसपास भुकटी असावी आणि सगळे पाणी चार ते आठ मिनिटांत उतरावे, असे या विषयातले जाणकार सांगतात. स्वस्त यंत्रे चुकतात ती दोन ठिकाणी. एक तर सुरुवातीचे पाणी पुरेसे तापलेले नसते. दुसरे म्हणजे चाळणी अरुंद असल्याने पाणी मधोमध पडते, तिथे खड्डा होतो आणि कडेची भुकटी कोरडीच राहते. म्हणून दुकानात दिवे आणि घड्याळे पाहण्याऐवजी झाकण उघडून चाळणीची भोके पाहावीत, हा माझा सल्ला.

‘दहा कप’ या शब्दांवरही विसंबू नये. कारखान्यांचा कप १२५ किंवा १५० मिलिलिटरचा असतो, तोही काळ्या कॉफीचा. आपल्याला त्यात दूध घालायचे असते. काळ्या कॉफीच्या मापाने केलेल्या पाण्यात दूध ओतले की जे तयार होते त्याला कॉफी म्हणणे जिवावर येते. दुधाची हवी असेल तर भुकटी जवळजवळ दुप्पट घ्यावी लागते.

परदेशातल्या मुलाने कौतुकाने बॅगेतून आणलेल्या यंत्राविषयी एक सावधगिरी. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. कॉइल तीच राहिली आणि व्होल्ट जवळपास दुप्पट झाले, की तिने ओढलेली वीज दुपटीने नव्हे, त्याच्या वर्गाने वाढते. ९०० वॉटचे यंत्र ३,३०० वॉट ओढू पाहते आणि पहिल्याच सकाळी त्याची होळी होते. उलट आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर उतरले, तर तेच गणित उलटे चालते आणि इथे घेतलेले ९०० वॉटचे यंत्र साडेपाचशे वॉटवर रडतखडत ठिबकत राहते. बोअरच्या जड पाण्याचा क्षार नळीत साचतो तो वेगळाच. महिन्या-दीड महिन्यातून एकदा लिंबूसत्वाचे पाणी त्यातून फिरवावे लागते. हे काम कोण करणार, हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवतो. तो पुढे आपोआप येईल.

आता काचेच्या भांड्याखालची ती तापती थाळी. पाणी तापवणारी कॉइलच बहुधा तिलाही ऊब देत असते. हेतू असा, की उशिरा उठणाऱ्याला कॉफी गरम मिळावी. हेतू चांगला आहे, पण कॉफी या हेतूला दाद देत नाही. थाळीवर अर्धा तास राहिली की तिच्यातली आम्ले मोडू लागतात आणि ती कडवट, आंबूस होते. म्हणजे पहिल्याला कॉफी आणि शेवटच्याला कॉफीचा काढा. थर्मासचे भांडे असलेले यंत्र यापेक्षा कितीतरी बरे. त्यात कॉफी तापत राहत नाही, नुसती गरम राहते. कोणते घ्यावे याचे तांत्रिक उत्तर माझ्यापुरते इथेच संपते : रुंद चाळणी, पुरेसे वॉट, थर्मासचे भांडे, आणि इथल्या २३० व्होल्टसाठीच बनवलेले. पण ‘शेवटच्याला काय मिळते’ हा जो प्रश्न थाळीने उभा केला, तो मला सोडवेना.

त्याआधी आपल्या घरातल्या कॉफीची जरा उजळणी करू. नोव्हेंबर १९५६ मध्ये राज्यांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातून विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा बालाघाट भोपाळकडे राहिला. गोंदिया पलीकडे, आम्ही अलीकडे. मध्ये चाळीसेक किलोमीटर आणि एक रेल्वे, तेव्हाची नॅरोगेज, आता ब्रॉडगेज. स्वयंपाकघरात मात्र कोणी हद्द आखली नाही. तिथली कॉफी नागपूर-भंडाऱ्याचीच राहिली : सबंध दुधात उकळलेली, साखर सढळ, वर जायफळ किसलेले. ही कॉफी रोजची नव्हे, मानाची. रोजचा तो चहा. कॉफी व्हायची ती व्याही आले म्हणून, मुलगी पाहायला मंडळी आली म्हणून, कीर्तनकारबुवा उतरले म्हणून. (यंत्राच्या कॉफीत जायफळ कुठे किसायचे, हा प्रश्न एका काकूंनी मला गंभीरपणे विचारला होता. भुकटीवर किसावे. चालते.)

कॉफीचे झाड आपल्याला अगदीच परके आहे असे नाही. बाबा बुदन नावाच्या फकिराने सतराव्या शतकात येमेनहून सात बिया कर्नाटकच्या डोंगरात आणल्या, ही परंपरेने चालत आलेली गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण आपल्याच सातपुड्याच्या रांगेत अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला आणि बैतूल जिल्ह्यातल्या कुकरूला कॉफी पिकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तरी आपल्या बाजारात मिळते ती बहुतेक पुडीतली, गरम पाण्यात विरघळणारी. दळलेली कॉफी हवी तर नागपूरहून मागवायची, नाहीतर कुरिअरची वाट पाहायची. कागदाच्या गाळण्यांचेही तेच. आपण जेव्हा यंत्र ‘घेतो’ तेव्हा एक डबा घेत नाही, कायमची एक मागणी घरात आणतो. ती बरी पडेल का, हे आधी विचारावे.

यंत्र घरात का आणायचे, याचे नेहमीचे उत्तर ‘बाईचे कष्ट वाचतात’ असे असते. या उत्तराची एक थोर वंशावळ आहे. यंत्रांविषयी १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’मध्ये कठोर लिहिणाऱ्या गांधीजींना जी. रामचंद्रन या तरुणाने १९२४ साली छेडले, तेव्हा त्यांनी एका यंत्राला सूट दिली होती. ते म्हणजे शिवणयंत्र. सिंगरने आपल्या बायकोला रात्रंदिवस टाके घालताना पाहिले आणि प्रेमापोटी हे यंत्र शोधले, अशी हकीकत गांधीजींनी त्या संभाषणात सांगितली. जे यंत्र प्रेमातून जन्मले आणि माणसाला त्याच्या जागेवरून हुसकावत नाही ते चालेल, असा त्यांचा कौल. इतिहास मात्र सिंगरसाहेबांविषयी इतका कोमल नाही. शिवणयंत्राचे मोठे पेटंट १८४६ साली एलायस होवने घेतले होते, सिंगरचे सुधारलेले यंत्र १८५१ चे. आणि गृहस्थाची एकाच वेळी एकाहून अधिक बिऱ्हाडे नांदत होती. कॉफीच्या बाबतीत गांधीजी तसेही वाटाघाटीला बसले नसते. आरोग्यावरच्या आपल्या पुस्तकात चहा, कॉफी आणि कोको तिन्ही अनावश्यक म्हणून त्यांनी बाजूला सारले आहेत.

पण कसोटी म्हणून ती सूट फार मोलाची आहे, आणि कॉफी गाळण्याच्या युक्तीला ती सिंगरपेक्षा अधिक लागू पडते. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेन्ट्स नावाची एक गृहिणी होती. भांड्याच्या तळाशी राहणारा गाळ आणि कडवटपणा यांना ती कंटाळली होती. तिने पितळेच्या भांड्याला भोके पाडली, मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद त्यात घातला आणि त्यावर कॉफी ओतली. १९०८ साली तिने या युक्तीचे पेटंट घेतले. कोणा नवऱ्याला दया येण्याची वाट तिने पाहिली नाही. आपल्या कपाचा बंदोबस्त तिने आपणच केला. विजेवर ठिबकणारे पहिले घरगुती यंत्र, ‘विगोमाट’, जर्मनीतच गॉटलोब विडमान यांनी १९५४ मध्ये आणले, आणि १९७२ मध्ये अमेरिकेत ‘मिस्टर कॉफी’ निघाले. नाव ‘मिस्टर’ आणि जाहिरातीत बेसबॉलचा नामांकित खेळाडू जो डिमॅजिओ. चौसष्ट वर्षांत एका बाईची युक्ती पुरुषाच्या नावाने दुकानात आली, हे नमूद करून पुढे जातो.

त्या टीपकागदाचा आणखी एक उपकार पुढे कळला. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरातली एक मोठी पाहणी १९८३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जास्त कॉफी पिणाऱ्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल जास्त आढळले. पुढे ध्यानात आले की दोष उकळून न गाळता प्यायलेल्या कॉफीचा. कॉफीतला कॅफेस्टॉल नावाचा तेलकट अंश त्याला कारण होता आणि कागद तो बराचसा अडवून धरतो. जाळीतून मात्र तो बऱ्याच प्रमाणात निसटतो. घरात हृदयविकाराचे माणूस असेल तर कागदाचा खर्च करावा.

तर कष्ट. यंत्र आले की कोणाचे कष्ट वाचतात? ओट्यापाशी उभे राहण्याची दहा मिनिटे वाचतात, हे खरे. पण टाकी भरणे, कागद बसवणे, भांडे विसळणे, चोथा टाकणे, लिंबूसत्व फिरवणे ही कामे नव्याने येतात, आणि ती कोणाकडे जातात हे यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलेले नसते. बटण दाबण्याचे श्रेय घरातला पुरुष आनंदाने घेतो. ‘आज कॉफी मी केली,’ असे तो पाहुण्यांना सांगतो. जाळी घासताना तो सहसा दिसत नाही.

इथे एक जुना आक्षेप येतोच. ‘हाताची चव यंत्राला कुठली?’ हा आक्षेप मी टाकाऊ मानत नाही. हाताला माहिती असते. आलेल्याला साखर चालत नाही, हे हाताला माहीत असते. हा माणूस आत्ताच घाटावरून परतला आहे, त्याला काही विचारू नये, नुसते गरम काहीतरी समोर ठेवावे, हेही हाताला कळते. पातेल्यापुढे उभी असलेली बाई माणसामाणसांतला फरक जाणते आणि त्या जाणण्यालाच आपण आदरातिथ्य म्हणतो. फक्त एवढेच म्हणतो, की हाताच्या चवीचे गोडवे गाताना मी बहुतेक खुर्चीत बसलेल्यांनाच ऐकले आहे. ओट्यापाशी उभ्या असलेल्यांना कमी.

पण त्या आक्षेपाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. जो हात फरक जाणतो तो फरक करतोही. मराठीत दोन्हींसाठी एकच शब्द आहे : भेद. भेद ओळखणे आणि भेद करणे. आपल्या चहा-कॉफीच्या पातेल्याने ही दोन्ही कामे पिढ्यान्‌पिढ्या एकाच उकळीत केली आहेत.

ज्यांच्या घरी रेल्वेच्या किंवा खाणीच्या नोकरीमुळे दाक्षिणात्य शेजार आला, त्यांना पितळी फिल्टर ठाऊक असेल. वरच्या डब्यात भुकटी, त्यावर उकळते पाणी, खाली थेंब थेंब उतरलेला दाट अर्क. हे पहिले पाणी. भुकटीत जीव शिल्लक असतो म्हणून तिच्यावर पुन्हा पाणी ओततात आणि पातळसर दुसरे पाणी उतरते. यात काटकसर आहे आणि काटकसर हा काही दुर्गुण नाही. पण पहिले पाणी कोणाला आणि दुसरे कोणाला, हे घराघरात न बोलता ठरलेले असते. पहिले पाहुण्याला आणि कर्त्या पुरुषाला. दुसरे उशिरा आलेल्याला, घरातल्या बायकांना, आणि भांडी घासायला आलेल्या बाईला. आपण मराठी माणसांनी यात शेजाऱ्याकडे बोट दाखवू नये. फिल्टर नसले तरी चहाचा चोथा आपल्याकडेही होता. सकाळच्या चोथ्यात चिमूटभर नवी पत्ती आणि भरपूर पाणी घालून उकळलेला ‘कामवाल्या बाईचा चहा’ ज्या वाचकाने पाहिलाच नाही त्याने हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे. आणि तो ज्या कपातून दिला जाई तो कप : कान तुटलेला, मागच्या खिडकीत पालथा घातलेला, बाकीच्या कपबश्यांत कधीही न मिसळणारा.

२६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता संपवली आणि पंधराव्याने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले सर्वांना खुली असल्याचे सांगितले. हॉटेलातल्या वेगळ्या पेल्यावर कायद्याला निदान बोट ठेवता आले. मागच्या खिडकीतल्या कपापर्यंत पोचणे त्याला अवघड होते. तो कप कोणी बंदी घालून ठेवलेला नव्हता. ‘तिचा कप’ म्हणून प्रेमाने ठेवलेला होता. आणि हेच त्याचे बळ होते.

याच्या उलट एक उदाहरण आमच्या उत्तरेला, जबलपूरला आहे. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करायला घेतली तेव्हा, १९५७ पासून, ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. पहिली संस्था बंगळुरूची, पुढे जबलपूरचीही झाली, आणि तिच्या शाखा मध्य प्रदेश-छत्तीसगडात पसरल्या. तुरेदार फेटा बांधून तुमच्यापुढे कॉफी ठेवणारा माणूस त्या संस्थेचा सभासद असू शकतो, म्हणजे ज्या किटलीतून तो ओततो तिचा तोही एक मालक. तिथली कॉफी कशी असते यावर दुमत असेल. ती ओतणाऱ्याच्या वाट्याला किटलीचे कोणते पाणी येते, हा प्रश्न मात्र तिथे तुम्हा-आम्हाला ठरवायचा उरत नाही.

आता यंत्राकडे वळतो. कागदाचे यंत्र दुसरे पाणी देत नाही. एकदा पाणी उतरले की कागद चोथ्यासकट टोपलीत जातो. गुलाबाच्या कुंडीत घालता येतो, पण कोणाच्या कपात घालता येत नाही. भांडे एक, कॉफी एक, आणि ती सगळ्यांची सारखी. कोण येणार आहे हे यंत्राला माहीत नसते. व्याही येणार की दूधवाला, हे त्याला कळत नाही. त्याचे हे आंधळेपण मी गुण म्हणून मोजतो. ज्या घरात हाताने भेद करायची सवय मुरलेली आहे, त्या घरात भेद न कळणारी एक वस्तू ओट्यावर येऊन बसणे हे, गांधीजींची क्षमा मागून, मला बरे वाटते.

या युक्तिवादातली फट मला दिसते. यंत्र आंधळे असले तरी ओतणारा आंधळा नसतो. एकाच भांड्यातून एकाला कपात आणि दुसऱ्याला खिडकीतल्या पेल्यात ओतता येते; एकात दूध, दुसऱ्यात नुसते गरम पाणी वाढवता येते. ज्याला भेद करायचाच आहे त्याला कोणते यंत्र अडवणार? शिवाय आंधळेपणाबरोबर हाताची ती दुसरी माहितीही जाते. मधुमेह्याची, घाटावरून परतलेल्याची. भेद ओळखणे ठेवायचे आणि भेद करणे सोडायचे, ही निवड यंत्राच्या कुठल्याच बटणावर नाही. एवढेच म्हणता येईल, की आधी भेद आपोआप होत होता; चोथा समोर असायचा, टाकवत नसे, आणि काटकसरीच्या नावाखाली सगळे झाकले जाई. आता तो करायचा तर मुद्दाम करावा लागतो. मुद्दाम करताना हात निदान अडखळतो.

मागच्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका घरात असे यंत्र आले. थर्मासचे भांडे, कागदाची गाळणी, सगळे पाहून घेतलेले. घरातल्या काकू सरळ मनाच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी खिडकीतला कप फेकून दिला, सहा कप एकसारखे मांडले, आणि भांडी आटोपलेल्या बाईंना आत बोलावून खुर्चीवर बसवून त्यांच्यापुढे त्यातलाच एक कप ठेवला. बाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

‘काकू, मले हे काळं पानी नाही जमत. मले चायच पाह्यजे.’

काकू क्षणभर खट्टू झाल्या. त्यांनी समता पुढे केली होती आणि ती कडू लागली होती. पण बाईंचे म्हणणे नीट ऐकले तर त्यात मोठी गोष्ट आहे. सगळ्यांना सारखे द्यायचे ठरवताना ते ‘सारखे’ काय असावे हे काकूंच्या हैदराबादच्या सुनेने ठरवले होते. बाईंना मान हवा नव्हता असे नाही. खुर्चीवर त्या बसल्या आणि दुसऱ्या दिवशीही बसल्या. त्यांना चहा हवा होता, पहिल्या पाण्याचा, दुधाचा, आले घातलेला. चांगले यंत्र घरात आले होते. बाईंना ते बरे पडत नव्हते, आणि तसे सांगण्याइतकी खुर्ची त्यांना आता आपली वाटत होती.

मग चहाचे पातेले पुन्हा ओट्यावर चढले. सकाळी कॉफी यंत्राची, आणि साडेनऊला बाईंसाठी चहा. आता त्या घरात वाद आहे तो वेगळाच. इतकी वर्षे त्या घरातला साडेनऊचा चहा करणाऱ्या बाईच होत्या, सगळ्यांसाठी. पण स्वतःसाठीच केलेला चहा खुर्चीवर बसून प्यायला त्यांना संकोच वाटतो. तो दुसऱ्या कोणी करून दिला तर त्या बसतात. काकूंचे गुडघे दुखतात. सून पंधरा दिवसांनी परत गेली. काकांना यंत्राचे बटण दाबता येते. पातेल्यात आले किती किसायचे ते त्यांना अजून विचारावे लागते, आणि विचारायचे ते बाईंनाच.